नकाशात नसलेली खोली : नगर विकास विभाग आणि नोंदणी व मुद्रांक विभाग यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगर विकास विभाग, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : जुन्या सदनिकेच्या पुनर्विक्रीच्या वेळी मंजूर नकाशा खरेदीदारासमोर येण्याची व्यवस्था करण्याबाबत

महोदय,

२०१९ च्या दिवाळीनंतर आम्ही एक जुनी सदनिका विकत घेतली. इमारत १९९८ सालची, चार मजली, लिफ्ट नसलेली; सदनिका तिसऱ्या मजल्यावर. दलालाने ती आम्हाला ‘अडीच बीएचके’ म्हणून दाखवली होती आणि त्यातली अर्धी खोली म्हणजे बैठकीच्या खोलीला लागून असलेली दहा बाय बाराची एक प्रशस्त, हवेशीर जागा होती. दोन बाजूंना अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, खाली चांगल्या प्रतीच्या फरश्या, वर पीओपीचे छत, कोपऱ्यात एक लहानसे बेसिन. मुलगी तेव्हा नववीत होती आणि ती खोली पाहूनच तिने घर पसंत केले. आम्हीही केले, हे मान्य केले पाहिजे. त्या खोलीवाचून ते घर आम्ही घेतले नसते, आणि विक्रेत्याने किंमतही त्या खोलीसकट, इतर खोल्यांच्याच दराने लावली होती.

मंजूर नकाशात तिथे खोली नाही, उघडी गच्ची आहे. हे मला कळले २०२२ च्या पावसाळ्यात. खालच्या मजल्यावरील वृद्ध दांपत्याच्या छताचा गिलावा पडू लागला, गृहनिर्माण संस्थेने दोन बैठकांनंतर हात वर केले आणि त्यांनी नाइलाजाने महानगरपालिकेकडे तक्रार केली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. अंथरुणावर पाणी ठिबकत असताना माणूस दुसरे काय करणार? तक्रारीनंतर कनिष्ठ अभियंता पाहणीसाठी आले. त्यांच्या एका हातात टेप होता आणि दुसऱ्या हातात आमच्या इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत. ज्या घरासाठी मी आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज घातले होते, त्या घराचा अधिकृत नकाशा मी त्या दिवशी, ताबा घेतल्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी, पहिल्यांदा पाहिला. पुढच्या महिन्यात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खालील नोटीस आली. ती माझ्या नावाने होती, कारण हे कलम मालकाला नोटीस बजावण्यास सांगते, आणि मालक मी होतो. ज्याने गच्ची बंदिस्त केली तो माझ्या विक्रेत्याच्याही आधीचा मालक असावा.

शहराचे, संस्थेचे किंवा कोणत्याही व्यक्तीचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. माझ्या बाबतीत जे घडले ते राज्यातल्या कोणत्याही शहरात घडू शकते आणि घडत आहे. नव्वदच्या दशकात बांधलेल्या, एकाआड एक मजल्यांना गच्च्या असलेल्या ज्या इमारती आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यांपैकी कोणत्याही एका इमारतीसमोर उभे राहून वर पाहिले तरी किती गच्च्या उघड्या राहिल्या आहेत हे मोजता येईल. बाल्कनी स्वयंपाकघरात घेतलेली, फ्लॉवर बेड काढून खोली वाढवलेली, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये भिंती घालून दुकान किंवा पहारेकऱ्याची खोली केलेली, ही सगळी एकाच घराण्यातली भावंडे. अशी घरे रोज विकली जातात, रोज त्यांचे दस्त नोंदवले जातात, आणि या व्यवहारात एकही क्षण असा येत नाही की जेव्हा मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर एकमेकांशेजारी ठेवले जातात. माझे म्हणणे एवढेच आहे की तो क्षण कायद्याने आणावा.

आपण म्हणाल, खरेदीदाराने काळजी घ्यायला हवी होती. मी काय काळजी घेतली ते सांगतो. वकिलांकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला. मागील सर्व करारनामे, त्यांच्या सूची क्रमांक दोन (नोंदणीकृत दस्ताचा नोंदणी कार्यालयातील सारांश), संस्थेचा भाग दाखला, देखभाल खर्चाची थकबाकी नसल्याचे पत्र, मिळकत कराच्या पावत्या आणि इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, हे सारे तपासले. सगळे निर्दोष निघाले आणि ते खरोखरच निर्दोष होते, कारण शोध अहवाल मालकीचा असतो, भिंतींचा नसतो. भोगवटा प्रमाणपत्र १९९९ सालचे होते आणि त्या वर्षी ती गच्ची उघडीच होती. खरेदीखतात तर ‘लगतची टेरेस १२० चौरस फूट’ असे स्वच्छ शब्द होते. ते मी वाचले होते आणि त्याखाली सही केली आहे. ‘टेरेस’ म्हणजे पूर्वी जिथे टेरेस होती ती खोली, असा मी त्याचा अर्थ लावला. दलालाचे उत्तर तर तयारच होते : ‘टेरेस कव्हर केलीय साहेब, बिल्डिंगमध्ये सगळ्यांनीच केलीय.’ इमारतीत सगळ्यांनीच केलेली गोष्ट बेकायदेशीर असू शकते, हे त्या वेळी माझ्या मनातही आले नाही, हा माझा भोळेपणा मी नाकारत नाही.

परंतु यातले सर्वांत बोचणारे कागद मला नंतर सापडले, कर्जाच्या फाइलमध्ये. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका आदेशाच्या अनुषंगाने रिझर्व्ह बँकेने २००६ साली सर्व बँकांना सूचना दिल्या होत्या की, तयार घर घेण्यासाठी कर्ज मागणाऱ्याने ते घर मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेले आहे असे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि कर्ज वितरित करण्यापूर्वी बँकेने नेमलेल्या वास्तुविशारदानेही तसे प्रमाणित करावे. सूचना उत्तम आहे. माझ्या फाइलमध्ये असे प्रतिज्ञापत्र आहे आणि त्यावर माझी सही आहे. सत्तर-ऐंशी पानांच्या गठ्ठ्यात, बँकेच्या टेबलावर, पेन्सिलने फुल्या मारलेल्या जागी मी ज्या सह्या केल्या त्यांपैकी ती एक. जो नकाशा मी कधी पाहिला नव्हता, त्याच्याशी घर जुळते असे मी शपथेवर लिहून दिले होते. मूल्यनिर्धारकाच्या अहवालात खोलीचे क्षेत्रफळ ‘प्रत्यक्ष जागेनुसार’ धरले होते. घर कसे बांधले आणि त्यात कोणते फेरफार झाले हे ज्याला पक्के ठाऊक असते तो विक्रेता. त्याच्याकडून मात्र शपथेवर एक ओळही कोणी लिहून घेतली नाही. शपथ घ्यायला लावली ती ज्याला काहीच ठाऊक नव्हते त्याला. ही उलटी रचना मला आजही उमगत नाही.

आता शासनाकडे या खोलीविषयी काय माहिती होती तेही पाहावे. महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे मंजूर नकाशा होता, म्हणजे तिथे गच्ची आहे हे त्या विभागाला माहीत होते. त्याच महानगरपालिकेच्या कर आकारणी विभागाने त्या जागेची खोली म्हणून मोजणी केली होती आणि २००६ पासून तिचा कर घेतला होता, म्हणजे तिथे खोली आहे हे त्या विभागाला माहीत होते. दोन्ही विभाग एकाच इमारतीत, एका जिन्याच्या अंतरावर आहेत. कर घेतल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्येच स्पष्ट केलेले आहे आणि तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. अन्यथा कर भरा आणि काहीही बांधा असा अर्थ निघेल. परंतु सामान्य माणूस कराची पावती हाच सरकारी पुरावा समजतो. पावतीवर ज्या खोलीचा कर आहे ती खोली सरकारला मान्य असेल, असे त्याला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. नोंदणी कार्यालयात तर प्रश्नच उद्भवला नाही. दुय्यम निबंधकांनी पक्षकारांची ओळख, मुद्रांक शुल्क आणि दस्ताचे स्वरूप पाहिले. त्यांचे काम तेवढेच आहे आणि त्यांनी ते चोख केले. मूल्यांकनात उघड्या गच्चीला खोलीपेक्षा कमी दर धरला जातो, त्यामुळे दस्तात ‘टेरेस’ असे लिहिल्याने शुल्कही थोडे कमी भरावे लागले. म्हणजे एकच जागा कराच्या पुस्तकात खोली, मुद्रांकाच्या पुस्तकात गच्ची, बँकेच्या पुस्तकात पुन्हा खोली आणि बांधकाम विभागाच्या पुस्तकात पुन्हा गच्ची अशी चार ठिकाणी दोन परींनी नांदत होती. ही चारही पुस्तके एकत्र उघडली ती तक्रार आल्यावर.

गच्चीची खोली करणे ही केवळ कागदोपत्री आगळीक असती, तर मी हे पत्र इतके लांबवले नसते. नोटीस आल्यानंतर मी स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावले आणि त्यांनी जो हिशेब मांडला तो प्रत्येक सदनिकाधारकाने ऐकावा असा आहे. अर्ध्या विटेची भिंत, दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह, दहा फूट उंचीला दर मीटरमागे साधारण सहाशे ते सातशे किलो वजनाची भरते. दहा बाय बाराच्या गच्चीच्या दोन उघड्या बाजू मिळून बावीस फूट, म्हणजे साडेसहा-पावणेसात मीटर. पूर्वीचा तीन फुटी कठडा वजा केला तरी नुसत्या भिंतींचे तीन टनांच्या आसपास नवे वजन गच्चीच्या कडेला, म्हणजे नेमके तिथे येते जिथे स्लॅब बाहेर झुकलेला असतो. आमच्याकडे वर पत्रा होता म्हणून बरे. शेजारच्या इमारतीत वर चार-पाच इंची स्लॅब ओतला आहे, तिथे आणखी तीन टन धरावेत. शिवाय उघड्या गच्चीवर पाणी वाहून जाण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा उताराचा कोबा केलेला असतो. फरशी सपाट करण्यासाठी बहुतेक जण तो न काढता त्यावरच भर घालतात, तेही वजनच. आणि बेसिनचा निचरा काढण्यासाठी त्या कोब्याला कोणीतरी छिद्र पाडले होते, तिथून तीन पावसाळे पाणी मुरत राहिले. खालच्या काकांच्या छतातील सळ्या गंजून फुगल्या होत्या, गिलावा त्यामुळे पडत होता. ज्या खोलीत माझी मुलगी रात्री अकरापर्यंत अभ्यास करीत बसे, तिच्या खालचा स्लॅब गंजत होता, हे वाक्य लिहितानाही हात थांबतो.

इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट झाला नव्हता का, असे कोणी विचारेल. झाला होता, अहवालात ‘काही सदनिकांमधील फेरफार’ असे मोघम शब्द होते आणि वार्षिक सभेत तो अहवाल वाचलेला समजण्यात आला.

नियमित करून घेण्याचा प्रयत्नही मी केला. कलम ५३ मध्येच तशी वाट आहे : नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो. आर्किटेक्टनी कागद पाहिले आणि दोन दिवसांत परत दिले. भूखंडावर मिळू शकणारे सर्व चटई क्षेत्र, म्हणजे नियमाने बांधता येणारे एकूण क्षेत्र, विकासकाने मूळ बांधकामातच वापरलेले. २०२० च्या डिसेंबरमध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाल्यानंतर अधिमूल्य भरून जादा क्षेत्र घेण्याचे मार्ग वाढले, हे खरे. पण असे क्षेत्र भूखंडाला मिळते, एका सदनिकेला नव्हे. अर्ज जमिनीच्या मालकाने किंवा संस्थेने करायचा. आमच्या संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, वीस वर्षांत झालेले नाही आणि विकासकाने ते करून दिले नाही तरी संस्थेला मिळवता येणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद असूनही तो अर्ज कोणी केलेला नाही. समजा केला असता, तरी जादा क्षेत्रावर सोळा सभासदांचा सारखाच हक्क. ते सगळे माझ्या गच्चीवर खर्च करायला पंधरा कुटुंबांनी मान्यता का द्यावी? मी त्यांच्या जागी असतो तर दिली नसती.

विक्रेत्याविरुद्ध दाद मागता येईल का, हेही विचारून पाहिले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही लक्षात येणार नाही असा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. माझे वकील प्रामाणिक होते, म्हणून त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले की समोरचा पक्ष दोन मिनिटांत खरेदीखतातील ‘टेरेस’ हा शब्द दाखवेल आणि दस्तात गच्ची व डोळ्यांसमोर खोली असूनही तुम्ही प्रश्न विचारला नाही ही साधारण काळजी कशी, असे विचारेल. दावा चालवायचा तर दहा वर्षांची तयारी ठेवा, असेही ते म्हणाले. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ येथे उपयोगी नाही. तो प्रवर्तकाला, म्हणजे प्रकल्प उभारून विकणाऱ्या विकासकाला, बांधतो, आणि जुने घर विकणारा माझा विक्रेता प्रवर्तक नव्हता, माझ्यासारखाच एक नोकरदार होता. त्यालाही बहुधा ती खोली खोली म्हणूनच विकली गेली असावी.

‘वीस वर्षे कोणी काही बोलले नाही’ हा आमच्या इमारतीतला लाडका युक्तिवाद. मीही तो काही दिवस जपून पाहिला. १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठमधील अनधिकृत बांधकामांच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने काळ लोटला, पैसा गुंतला किंवा अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली म्हणून बेकायदेशीर बांधकाम कायदेशीर ठरत नाही, असे पुन्हा एकदा ठामपणे सांगितले, आणि तारणावर कर्ज देताना बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासावा, बांधकाम सुरू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा, असे निर्देशही दिले. त्याआधी वरळीच्या कॅम्पा कोला संकुलातील रहिवाशांचे काय झाले ते सबंध राज्याने पाहिले आहे. तेथील अनधिकृत मजले वाचवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली नकार दिला, तेव्हा ती घरे घेऊन रहिवाशांना कित्येक वर्षे झाली होती. तेव्हा न्यायालयाची दिशा स्वच्छ आहे. मात्र वरचे दोन्ही निर्देश मुख्यतः बांधकामाच्या आणि पहिल्या विक्रीच्या वेळेला लागू पडतात. इमारतीला दाखला मिळाल्यानंतर काही वर्षांनी जी गच्ची बंद झाली आणि विसाव्या वर्षी विकली गेली, तिच्यापर्यंत ते पोहोचत नाहीत. भोगवट्याचा दाखला तपासून माझ्या बँकेला काहीच सापडले नसते. दाखला खराच होता.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे लिहितो. मी स्वतःसाठी सवलत मागत नाही आणि सरसकट नियमितीकरणाचीही मागणी करीत नाही. अशा योजना राज्याने कमी केलेल्या नाहीत. शुल्क घेऊन अनधिकृत बांधकामे नियमित करणाऱ्या २०१७ च्या प्रशमित संरचना नियमांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही तारीख ठरवण्यात आली; परवानगीविना पाडलेल्या लहान भूखंडांसाठीच्या गुंठेवारी अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती करून त्यातील तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेण्यात आली; पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षानुवर्षे गाजलेला शास्तीकर, म्हणजे अनधिकृत बांधकामावरील दंडाचा कर, २०२३ साली माफ झाला. या प्रत्येक निर्णयामागे खरोखर अडलेली कुटुंबे आहेत, हे मी जाणतो. पण प्रत्येक तारखेबरोबर पुढच्या तारखेची वाट पाहणाऱ्यांची एक नवी पिढी तयार होते आणि आमच्या दलालासारखे लोक ‘होईल की रेग्युलर’ असे बिनदिक्कत सांगू लागतात. खालच्या काकांच्या छताला कोणत्याही शासन निर्णयाने बळकटी येत नाही.

माझी पहिली मागणी नगर विकास विभागाकडे आहे. प्रत्येक महानगरपालिका व नगरपरिषदेने भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा अखेरचा मंजूर नकाशा मिळकत क्रमांकाशी जोडून संकेतस्थळावर कोणालाही पाहता येईल असा ठेवावा. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवलेल्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे आज घरबसल्या पाहता येतात. म्हणजे जिथे अजून कोणी राहायलाही गेलेले नाही त्या इमारतीचा नकाशा उघडा आहे आणि जिथे पंचवीस वर्षे फेरफार होत आले त्या इमारतीचा नकाशा अभिलेख कक्षात बांधून ठेवलेला आहे. माहितीच्या अधिकारात तो मिळतो, मीही नंतर तसाच मिळवला. परंतु कायद्याने दिलेली तीस दिवसांची मुदत आणि इसार दिल्यावर विक्रेत्याने दिलेली पंधरा-वीस दिवसांची मुदत यांचा मेळ बसत नाही. घर पाहायला जाणारे किती जण इसाराआधी माहिती अधिकाराचा अर्ज करतील? जुने सगळे नकाशे एका वर्षात संगणकावर येणार नाहीत, हे समजते. मग ज्या मिळकतीची विक्री होत आहे तिच्या नकाशाची प्रत ठरावीक शुल्क घेऊन सात दिवसांत देण्याची सेवा आधी सुरू करावी. काम आपोआप टप्प्याटप्प्याने होत जाईल आणि शुल्कातून त्याचा खर्चही निघेल.

दुसरी मागणी नोंदणी विभागाकडे आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. सदनिकेच्या पुनर्विक्रीच्या प्रत्येक दस्तास विक्रेत्याचे एक स्वतंत्र घोषणापत्र आणि मंजूर नकाशातील त्या सदनिकेपुरता भाग जोडणे सक्तीचे करावे. घोषणापत्रात मंजूर नकाशापेक्षा वेगळे काय आहे ते विक्रेत्याने साध्या शब्दांत लिहावे : गच्ची बंदिस्त केली आहे, बाल्कनी आत घेतली आहे, भिंत काढली आहे, किंवा काहीही फरक नाही. दुय्यम निबंधकांनी घर पाहायला जावे असे मी म्हणत नाही. ते शक्य नाही आणि योग्यही नाही. त्यांनी फक्त कागद जोडलेला आहे एवढे पाहावे. ज्याला ती खोली अनधिकृत आहे हे समजूनही हवी आहे तो किंमत पाडून घेईल, ज्याला नको आहे तो उठून जाईल, आणि विक्रेता खोटे लिहील तर त्याच्या सहीचा नोंदणीकृत पुरावा खरेदीदाराच्या हाती राहील. ‘साधारण काळजी’च्या वादात आज खरेदीदाराचे हात रिकामे असतात, ते तसे राहणार नाहीत. बँकांना हवे असलेले प्रतिज्ञापत्रही मग योग्य माणसाकडून येईल.

कर आकारणीबाबत छोटीशीच विनंती आहे. कर जरूर घ्यावा, पण देयकावर मंजूर क्षेत्र आणि मंजुरीबाहेरचे क्षेत्र वेगवेगळ्या ओळींत छापावे. दोन विभागांनी आपापली यादी एकदा शेजारी ठेवली तर हे होण्यासारखे आहे.

या सूचनांवर कोणते आक्षेप येतील याची थोडीफार कल्पना आहे. नकाशे उघडे केल्याने सुरक्षिततेचा प्रश्न निर्माण होईल, असे एका अधिकाऱ्यांनी मला तोंडी सांगितले. सदनिकेच्या बाह्यरेषा आणि खोल्यांची नावे-मापे एवढाच भाग दाखवला आणि मालकांची नावे झाकली, तर विकासकाच्या जाहिरात पत्रकात असते त्याहून अधिक काही उघड होणार नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : असे घोषणापत्र सक्तीचे झाले तर निम्म्या जुन्या इमारतींतील व्यवहार अडखळतील आणि घरांच्या किमती उतरतील. उतरतील, यात शंका नाही. माझ्या स्वतःच्या घराचीही उतरेल. पण आज ती किंमत टिकून आहे ती पुढच्या खरेदीदाराला काही कळू न देण्याच्या बळावर, आणि त्या अज्ञानावर शासनाचे मुद्रांक शुल्क वसूल होते, हे आपण नीट पाहावे अशी विनंती आहे.

आमच्या खोलीचे काय झाले ते सांगून पत्र पुरे करतो. २०२३ च्या मार्चमध्ये, पावसाळ्याच्या आधी, आम्ही ती स्वतःच पाडली. चार दिवस तोडकाम चालले. राडारोडा तिसऱ्या मजल्यावरून पोत्यांत भरून उतरवावा लागला. कोबा पूर्ण काढून नवे वॉटरप्रूफिंग केले, खालच्या छतातील गंजलेल्या सळ्या साफ करून त्यांची दुरुस्ती करून दिली. हा सगळा खर्च, पडलेली खोली आणि तिच्यासाठी मोजलेली किंमत यांचे मिळून जे होते ते कर्जाच्या हप्त्यांत अजून चालूच आहे. मुलगी बैठकीच्या खोलीत अभ्यास करून बारावी झाली. काम पूर्ण झाल्याचे छायाचित्रांसह पत्र मी बांधकाम विभागाला दिले, त्याची पोच मिळाली आणि नोटीस निकाली निघाली. त्याच पत्राची प्रत, फेरआकारणीच्या अर्जासह, कर विभागालाही दिली आहे. या वर्षीच्या देयकातही त्या जागेची आकारणी निवासी खोली म्हणूनच झालेली आहे. देयक मुदतीत भरले आहे. दोन्ही कागदांच्या छायाप्रती सोबत जोडत आहे.

आपला विश्वासू,
एक सदनिकाधारक